तांबडी सुर्लाच्या वाटेवरच्या काजूवाल्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दोन दिवस तुमच्या मांगरात, बागेतल्या त्या खोपटात बसलो, तुमच्या तांब्यातलं पाणी प्यायलो, काजूची बोंडं खाऊन शर्टावर न जाणारे डाग पाडून घेतले, आणि नाव मात्र विचारलं नाही. नात मराठी शाळेत जाते असं म्हणालात, म्हणून हे आभाराचं पत्र मराठीत आणि असं उघड लिहितोय. कधीतरी तिच्या नजरेला पडलं की ती वाचून दाखवील.

त्या शनिवारी आम्ही चौघं फोंड्याहून पहाटेच निघालो होतो. शिगमो नुकताच आटोपला होता. मोले मागे टाकलं की गाडी सावकाश हाकायची, जिथे आवाज येईल तिथे उतरून चालायचं आणि उन्हं चढायच्या आत तांबडी सुर्लाच्या देवळाशी पोचायचं, एवढाच बेत. सुरुवात झकास झाली. एका सावरीवर शेवटची फुलं उरली होती आणि त्यांच्यासाठी अख्खी पंगत बसली होती. हळद्या, मैना, शेपटीचे दोन गोंडे मिरवणारा भृंगराज, आणि काळ्या डोक्याचा, पिवळ्या अंगाचा, गळ्याशी लालभडक असा बुलबुल. तो गोव्याचा राज्यपक्षी आहे हे आमच्यातल्या एकाने तीन वेळा सांगितलं. आम्ही सगळेच गोंयकार, पण सांगणाऱ्याला कोण अडवणार!

मग तुमच्या बागेसमोरच्या त्या जुन्या झाडावर कवड्या धनेश दिसला. (झाड कुठलं, कुठल्या वळणावर, ते इथे लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे, तेवढं पुरे.) खोडात ढोली, तिच्या तोंडाला लिंपण आणि मधे उभी फट. आम्ही हरखलो. रस्त्यातच तिपाई रोवली. नर पलीकडच्या फांदीवर बसून राहिला, पुढे येईना, तसं एकाने फोनवर धनेशाचा आवाज लावला. तो मीच. आता कबूल करून टाकतो.

तेव्हा तुम्ही डोक्यावर बोंडांची पाटी घेऊन बागेतून आलात. आवाज न चढवता एवढंच म्हणालात, "तुमी हांगा उबे रावल्यार तो येवचो ना. ताची बायल भितर उपाशी आसा."

आम्हा चौघांचं मिळून वीसेक वर्षांचं पक्षीनिरीक्षण तिथे गप्प झालं. मादी स्वतःला आतून कोंडून घेते, आत असताना तिची उडायची पिसं झडतात, तिला आणि पिलांना नरच भरवतो, हे सगळं आम्हाला पाठ होतं. येताना गाडीत त्यावरच बोलणं चाललं होतं. आणि तरी अर्धा तास त्याच्या वाटेत उभे होतो.

दुसऱ्या कुणी हाकलूनच दिलं असतं. तुम्ही मांगर दाखवलात. चुडतांच्या आडोशाला बसा म्हणालात, फोन बंद करायला लावलात आणि बोंडांच्या बिया पिळून वेगळ्या करायला बसलात. वीस मिनिटं गेली असतील. पंखांचा फसफस आवाज आधी आला, मग तो. खोडाला शेपटी टेकवून चिकटला, मान वर झटकली आणि चोचीच्या टोकाशी एक नारिंगी फळ आलं. फटीतून आतली चोच जेमतेम बोटभर बाहेर आली आणि फळ गेलं. पुन्हा मान झटकली, पुन्हा फळ. मी चौदापर्यंत मोजली. एवढी फळं गळ्यात भरून आणायची आणि एकेक करून अशी काढायची, जशी पिशवीतून सुटे पैसे!

"काजरो," तुम्ही म्हणालात. ज्याची बी माणसाला विष, ते फळ. मी विचारलं, एवढ्या लांबून कसं ओळखलंत? तर म्हणालात, पावसात त्या झाडाखाली काजऱ्याची रोपं उगवतात, ढोलीतून बिया खाली पडतात ना. मी दुर्बिणीतून बघत होतो, तुम्ही पावसाळे बघितले होते.

रविवारी देवळाचा बेत रद्द केला. कदंबांच्या काळापासून उभं आहे, आणखी एक आठवडा थांबेल. पुन्हा तुमच्याकडेच आलो, सातपासून अकरापर्यंत बसलो, नर तीनदा येऊन गेला. फोटो एकही धड नाही, सगळ्यांत मांगराची चुडतं आडवी आलीत. आमचा कॅमेरावाला अजून कुरकुरतोय, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. त्याच्या बदल्यात कोळंबीत, म्हणजे रस काढायच्या कुंडीत, बोंडं तुडवायला मिळाली, आणि निघताना तुम्ही बाटलीत घालून दिलेला नीरो, बोंडांचा तो ताजा रस, फोंडा येईपर्यंतही टिकला नाही. आंबला म्हणून नव्हे, संपला म्हणून.

तर मावशी, पाण्याबद्दल, सावलीबद्दल आभार आहेतच. पण खरे आभार त्या एका वाक्याबद्दल. तुम्ही गप्प राहिला असतात तर आम्ही मस्त फोटो घेऊन घरी गेलो असतो आणि ती दुपारपर्यंत उपाशी राहिली असती. फोनमधले सगळे पक्ष्यांचे आवाज त्याच रात्री पुसून टाकले.

नातीला एक वही दिली आहे. ढोलीचं लिंपण फुटलेलं दिसलं की तारीख लिहून ठेव म्हणावं, आणि झाडाखाली जाऊन बघू नको म्हणावं. अर्थात हे तुम्हाला मी काय सांगणार.

आणि हो, तुमचा पाण्याचा तांब्या आमच्या गाडीत राहिलाय. मागच्या सीटखाली गडगडत होता, काल सापडला. पाऊस लागायच्या आत आणून देतो. तेव्हा नावही विचारतो.

तुमचा,
फोनवर आवाज लावणारा