अटक फोनवर होत नाही

पुणे

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ‘मुंबई क्राइम ब्रँच’मधून बोलतो असे सांगणाऱ्या माणसाने तुझ्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याची कथा ऐकवली, तू फोन ठेवलास, आणि तरीही खरेच काही प्रकरण असले तर काय, या विचाराने तुझी झोप उडाली आहे. नुसते ‘घाबरू नकोस’ म्हणून तुझे समाधान होणार नाही. म्हणून वकिलीत आयुष्य घालवलेल्या माणसाने सांगावे तसे, खरी अटक कशी होते ते आधी सांगतो.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट वाचता येईल अशी ओळख असावी लागते, अटकेचा कागद करून त्यावर घरातल्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही घ्यावी लागते, अटकेची कारणे सांगावी लागतात, नातेवाइकाला कळवावे लागते आणि प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. यातले काहीही कॅमेऱ्यासमोर बसवून होत नाही. व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवून ‘तुम्हाला अटक झाली आहे’ असे भासवणे, म्हणजेच ‘डिजिटल अरेस्ट’, या नावाची तरतूदच आपल्या कायद्यात नाही. नुसती चौकशी करायची असेल तर पोलीस कलम ३५ खाली नोटीस देतात, आणि तीही व्हॉट्सॲपवर बजावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. शिवाय तू साठी ओलांडली आहेस. तुझ्यासारख्याला साक्षीदार म्हणून जबाब द्यायचा असेल तर पोलिसांनीच तुझ्या घरी यावे, असे कायदा म्हणतो.

आता त्या फोनवरच्या माणसाचे पहिले वाक्य आठव: ‘हे कोणालाही सांगायचे नाही, मुलांनाही नाही.’ कायदा पोलिसांना सांगतो की नातेवाइकाला कळवा, आणि हा तोतया सांगतो की नातेवाइकापासून लपवा. माझ्या मते खरे-खोटे ओळखायला एवढी एकच खूण पुरते. गणवेश, मागची राजमुद्रा, शिक्के मारलेले वॉरंट हे सगळे बनवता येते. न्यायालयसुद्धा बनवता येते. वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना २०२४ मध्ये व्हिडिओवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली गेली, सरन्यायाधीशांचे नाव वापरले गेले आणि त्यांनी सात कोटी रुपये पाठवले. एवढा मोठा उद्योग चालवणारा माणूस अडाणी नव्हे. उलट मला वाटते, ज्याने जन्मभर कायदा पाळला, ज्याला पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचीही लाज वाटते, तोच या सापळ्यात लवकर सापडतो. सराईत गुन्हेगार असल्या फोनला हसेल.

पैशाचा भागही समजून घे. ‘तुमची रक्कम तपासणीसाठी रिझर्व्ह बँकेच्या खात्यात ठेवा, निर्दोष ठरलात की परत मिळेल’ असे ते म्हणतात. कोणताही तपास अधिकारी आरोपीकडून रक्कम अशी मागवून घेत नाही. खाते गोठवायचे असेल तर पोलीस बँकेला लिहितात, तुला नव्हे. तुझ्या आधारचे शेवटचे आकडे त्याला ठाऊक होते याचे नवल वाटू देऊ नकोस. सिमकार्डाच्या दुकानापासून लॉजपर्यंत आपण किती ठिकाणी झेरॉक्स देऊन आलो आहोत!

पुन्हा फोन आला तर वाद घालू नकोस, हुशारी दाखवू नकोस, फोन ठेव. खरोखर शंका वाटलीच तर त्याने दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर आपल्या गावच्या पोलीस ठाण्यात मुलाला घेऊन जा. एक मात्र खरे की नव्या कायद्यात न्यायालयाचे समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गानेही येऊ शकते; तसे काही आले तर घाईने उत्तर न देता कागद मला पाठव, आपण न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर सीएनआर, म्हणजे प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, टाकून खटला खरा आहे का ते पाहू.

आणि तुमच्या ओळखीत कोणाचे पैसे गेलेच, तर लाज बाळगून आठवडा घालवू देऊ नकोस. लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करायचा आणि बँकेलाही कळवायचे. चोरलेली रक्कम भाड्याने घेतलेल्या खात्यांतून काही तासांत पुढे सरकते. ती मध्येच अडवता येते, पण तक्रार वेळेत पोहोचली तरच.

तुला आलेला क्रमांक मोबाइलमधून पुसला नसशील, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ सुविधेत आजच नोंदव. पैसे गेलेले नसले तरी तिथे अशा फोनची माहिती देता येते. हे पत्र वहिनींनाही वाचायला दे, कारण पुढचा फोन त्यांच्या मोबाइलवर येऊ शकतो.

तुझा,
दत्ता