निळ्या पाण्यातले पट्टे

प्रिय मक्या,

टीव्ही परत करू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी नको. नवा पंचावन्न इंची टीव्ही आणलेला माणूस पहिल्या रात्री क्रिकेट लावतो. तू पोरांच्या हट्टापायी 'फाइंडिंग नीमो' हा माशांचा कार्टून सिनेमा लावलास आणि पाण्यात पट्टे दिसले म्हणून मला फोन केलास. बरं झालं. टीव्ही, डिस्क आणि अ‍ॅप या तिघांची एकदम झाडाझडती घ्यायला त्याच्याइतका कडक सिनेमा मला तरी माहीत नाही. पण फोन ठेवता ठेवता "जाऊ दे, कार्टूनच तर आहे, त्यात क्वालिटी काय बघायची" म्हणालास, ते काही मला पटलेलं नाही.

उलट क्वालिटी कार्टूनमध्येच बघायची असते. कॅमेऱ्यानं काढलेला जुना सिनेमा खराब दिसला तर दोष कोणाच्या माथी मारायचा? रीळ जुनं असेल, धूळ असेल, मुळात उजेडच कमी असेल. नीमो २००३ चा, पिक्सार स्टुडिओनं अख्खा कॉम्प्युटरवर बनवलेला. स्टुडिओतून निघाला तेव्हा त्याच्यावर ना धूळ होती ना चरा. म्हणजे तुझ्या भिंतीवर जे काही वेडंवाकडं दिसतंय, ते वाटेत कोणीतरी केलेलं आहे. तो कोण, एवढंच शोधायचं.

मध्येच एक सांगतो, नाहीतर राहून जाईल. पिक्सारचाच 'अ बग्ज लाइफ' १९९९ मध्ये डीव्हीडीवर आला, तो फिल्मचं रीळ मध्ये न आणता थेट कॉम्प्युटरच्या फाइलींवरून. असं पहिल्यांदाच घडत होतं. तेव्हा घरोघरी चौकोनी टीव्ही आणि सिनेमा तर चांगलाच रुंद. दुसरे लोक सरळ दोन्ही बाजू कापून टाकायचे. या पठ्ठ्यांनी काही दृश्यांत पात्रंच जवळजवळ सरकवली आणि ती दृश्यं चौकोनी चौकटीसाठी नव्यानं बनवली. घरी बघणाऱ्याची एवढी काळजी मी क्वचितच पाहिली आहे.

आता तुझे पट्टे. नीमोमध्ये कितीतरी वेळ पडद्यावर नुसतं पाणी असतं. वर फिकट निळं, खाली गडद. साध्या एचडी चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. ऐकायला भरपूर वाटतात, पण त्या पाण्याच्या वाट्याला त्यातल्या समजा चाळीसच येतात. एचडी चित्राच्या १०८० आडव्या ओळींवर चाळीस पायऱ्या पसरल्या की एकेक पायरी पंचवीस-सत्तावीस ओळींची झाली. तुझ्या ४के पडद्यावर, म्हणजे दुप्पट ओळींच्या, ताणल्यावर त्याच्या दुप्पट. तोच तुझा पट्टा. हे झाकायला चित्रात बारीक रवाळपणा मुद्दाम ठेवतात, पण फाइल लहान करायची वेळ आली की कॉम्प्रेशन पहिला त्यालाच झाडून काढतं. पाण्यात तरंगणारे कण दिसतात ना, प्लँक्टनचे? पिक्सारवाल्यांनी खऱ्या समुद्राच्या चित्रफिती बघून ते पाणी एवढं हुबेहूब केलं होतं, की शेवटी जरा चित्रासारखं दिसावं म्हणून त्यांना हात आखडता घ्यावा लागला. स्वस्तातलं स्ट्रीमिंग ते कण पुसून टाकतं. उरतो तो निळा गिलावा.

म्हणून आधी मला सांग, तू बघितलास कुठून? अ‍ॅपवर तुझा प्लॅन साधा एचडीचा असेल तर चित्राची माहिती सेकंदाला पाच-सात मेगाबिट मिळते. ४केचा असेल तर पंधरा ते पंचवीस. ब्लू-रे डिस्कवर चित्र फक्त १०८०चं, पण चित्राला चाळीस मेगाबिटपर्यंत जागा, आणि ४के डिस्कवर त्याहून पुष्कळ जास्त. ४के डिस्कचा खरा फायदा मात्र पिक्सेलचा नाही. त्या काळचे पिक्सारचे सिनेमे मुळात साधारण २के, म्हणजे जवळजवळ एचडीच्याच मापात बनलेत, नंतर मोठे केलेत. वेष्टनावरच्या ४के शब्दाला भुलून पैसे घालू नकोस. त्या डिस्कवर एचडीआर आहे, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला, आणि रंगाला दहा बिट आहेत, म्हणजे २५६च्या जागी १०२४ पायऱ्या. तुझ्या पाण्याला त्याचीच गरज आहे.

आणि ती कपाटातली जुनी डीव्हीडी? टाकू नकोस, पण तिच्यावरून टीव्हीची परीक्षा करू नकोस. ७२० बाय ५७६चं चित्र पंचावन्न इंचांवर ताणलं तर टीव्ही बिचारा काय करणार? शिवाय आपल्याकडची डीव्हीडी 'पाल' या जुन्या टीव्ही पद्धतीची, सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा २५नं पळवलेला. शंभर मिनिटांचा नीमो शहाण्णव मिनिटांत संपतो आणि नीमोच्या बापाचा, मार्लिनचा आवाज जरा चिरका येतो. व्हीसीडीच्या दिवसांत आपण ३५२ बाय २८८वर खूश होतो आणि अर्ध्यावर डिस्क बदलायला कोणी उठायचं यावर भांडायचो, हेही खरं.

बघताना सुरुवातीच्या प्रवाळावर जाऊ नकोस. ते रंग कशावरही छान दिसतात, दुकानदार म्हणून तसलंच काहीतरी लावून ठेवतात. डेंटिस्टच्या खोलीतली काचेची टाकीही सोपी. तू देवमाशाचा प्रसंग लाव. मार्लिन आणि त्याची सोबतीण डोरी गढूळ पाण्यात आहेत, आजूबाजूला काहीच नाही, आणि मागून तो अजस्र आकार हळूहळू उमटतो. तो आकार धुक्यातून आल्यासारखा यायला हवा. चौकोनी ठोकळे सरकताना दिसले तर दोष स्रोताचा, टीव्हीचा नाही. मग खोल अंधारातला दिवेवाला मासा. तिथे उजेड म्हणजे त्याच्या डोक्यावरचा एक ठिपका. त्याच्याभोवती पडद्यावर करडा ढग पसरला तर ती मात्र टीव्हीच्या बॅकलाइटची, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांची करामत. जेलीफिशचं जंगल शेवटी बघ, हजारो गुलाबी, आरपार दिसणाऱ्या छत्र्या एकदम हलतात. तिथे कमजोर स्ट्रीमिंग हमखास लटपटतं.

आता मला दाट संशय आहे तो गुन्हेगार. तुझा टीव्ही अजून 'व्हिव्हिड'वर असणार, दुकानातून आला तसाच. तो मोड कॉन्ट्रास्ट ताणतो, आणि ताणला की झाकलेले पट्टेही वर येतात. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लाव. पहिले दोन दिवस घरचे म्हणतील चित्र पिवळट आणि मलूल झालं. म्हणू देत. शार्पनेस शून्याच्या आसपास आण आणि मार्लिनच्या अंगावरचे पांढरे पट्टे बघ: त्यांना काळी कड असते, त्या कडेबाहेर आणखी एक पांढरी रेघ दिसत असेल तर ती टीव्हीनं पदरची घातली आहे. नारिंगी रंगात खवल्यांचा पोत दिसायला हवा, नुसता नारिंगी डाग नको. आणि हालचाल गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग बंद कर. नाहीतर माशांचे पर सिरियलमधल्या पदरासारखे सुळकन फिरतात.

आवाजाचं थोडक्यात: टीव्हीच्या पोटातल्या स्पीकरवर निकाल देऊ नकोस. डेंटिस्टची भाची डार्ला टाकीच्या काचेवर बोट आपटते तो ठोका होम थिएटरवाल्यांच्यात गाजलेला आहे, साउंड डिझायनर गॅरी रिड्स्ट्रॉमचं काम. माझ्याकडे तो लागला की खालच्या मजल्यावरचे काका वर येतात, तेव्हा तू इकडे आलास की तो दुपारीच ऐकू.

तर क्रम असा ठेव: मोड बदल, शार्पनेस उतरव, अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये डेटा वाचवण्याचा पर्याय चालू नाही ना ते बघ, आणि देवमासा पुन्हा लाव. पट्टे तरीही तसेच राहिले तर माझी ४के डिस्क आणि प्लेअर दोन्ही घेऊन रविवारी येतो. त्यावरही दिसले तर मी स्वतः तुझ्याबरोबर दुकानात भांडायला येईन. दुकानदाराची पावती आणि खोका तोवर जपून ठेव, वहिनी खोका रद्दीत देण्याच्या आधी त्यांना सांग.

तुझा,
शैल्या