दिल्या, माझं पाकीट परत आलं

सातारा, रविवार

दिल्या,

दिवाळीनंतर तुझे दोन फोन आले. मी उचलले नाहीत, मग करू म्हणालो आणि आंब्यांचे दिवस आले. शिव्या आधी घालून घे, मग वाच. तब्येत ठीक. साखर तेवढीच, गोळ्या त्याच.

अकरा दिवसांपूर्वी, बुधवारी पहाटे, माझं पॅकेट, म्हणजे रेडिओवरून सुरांत पाठवलेला छोटा निरोप, स्पेस स्टेशनवरून परत आलं. अरे, खरंच. गच्चीत उभा होतो, हातात यागी अँटेना, सुताराच्या मेजर टेपच्या तीन पट्ट्या पीव्हीसी पाइपवर आवळलेली. रेडिओ १४५.८२५ मेगाहर्ट्झवर, स्क्वेल्च (खरखर दाबणारं झाकण) पूर्ण उघडा, कारण तो उघडेपर्यंत पॅकेटचं डोकं खातो. लॅपटॉपवर डायरवुल्फ, सुरांतून अक्षरं काढणारा प्रोग्रॅम. त्याच कामाचा तो टीएनसीचा डबा आता लागतच नाही, जो आपण दोघांनी फक्त फोटोत पाहिला. फॅक्ससारखी एक खर्रर्र आली आणि स्क्रीनवर माझा कॉलसाइन (रेडिओवरचं नाव), पुढे स्टेशनचा, आरएसझिरोआयएसएस, आणि त्याला चिकटून एक फुली (*). फुली म्हणजे वरच्याने ऐकलं आणि पुढे टाकलं. तेवढ्या फुलीसाठी मी गच्चीत एकटा नाचलो. घरात सांगितलं तर तुझी वहिनी म्हणते, "म्हणजे तुम्हीच पाठवलंत आणि तुम्हालाच मिळालं?"

यावर काय बोलणार? म्हणून तुला लिहितोय.

त्यानंतर एकदाही नाही! दुसऱ्यांची येतात, माझं नाही. समोरच्या देशपांड्यांनी विचारलं, रोज वर काय शोधता? म्हटलं, पाकीट. "किती होते आत?" म्हणाले.

आधी वाटलं आवाज जास्त जातोय. लॅपटॉपचा हेडफोन रेडिओच्या माइकमध्ये सरळ खुपसला तर सूर चिरडतात, १२०० हर्ट्झचा काय आणि २२०० चा काय, सगळा चिखल. मध्ये आवाज कमी करायला १० केचा प्रीसेट (फिरवायचा रेझिस्टर) घातला, स्क्रू-ड्रायव्हरने केसभर केसभर फिरवून दुसऱ्या हँडसेटवर ऐकलं. सूर स्वच्छ. मग व्हॉक्सवर संशय, म्हणजे आवाज ऐकून आपोआप पाठवायला लागणारा स्विच. आवाज आल्यावर तो जागा होणार, तोवर पॅकेटचं तोंड गेलेलं. पुण्यात पासोड्या विठोबापाशी जाऊन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणला (होय, तुझाच लाडका, ज्याचे पाय तू उलटे लावले होतेस आणि नाव माझं सांगितलं होतंस), पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, त्याच्यावर टाकला. टीएक्सडिले, म्हणजे बटण दाबल्यावर सूर सुरू होईपर्यंतची उसंत, ३० ठेवला, म्हणजे ३०० मिलिसेकंद. तरी शांत. डॉकिंगच्या, स्पेसवॉकच्या वेळी वरचा रेडिओ बंद ठेवतात हे ठाऊक आहे, पण मग दुसऱ्यांची कशी येतात?

आणि खरी बोच वेगळीच आहे. हॉस्टेलच्या जिन्यात तू म्हणाला होतास, मशीनने मशीनशी बोलायचं, त्यात तुझं काय? परवान्याच्या परीक्षेत तुझं मिनिटाला ५ शब्दांचं मोर्स पास झालं होतं, माझं गेलं होतं, त्यामुळे मी भांडलो जास्त. सहा महिने बोललो नव्हतो, आठवतं? आता पटतंय म्हणत नाही, पण मोर्समध्ये अर्धं अक्षर गळालं तरी माणूस ओळखून घेतो. इथे एक बिट चुकला की अख्खं पॅकेट फेकून देतात. जोडणी करून बोललं तर पुन्हा मागतात तरी, पण मी पाठवतो त्या प्रकारात "काय म्हणालास?" एवढंही कोणी विचारत नाही. रोज पहाटे सेकंदभराची किंकाळी मारायची आणि आठ-दहा मिनिटं आभाळाकडे बघत राहायचं. साताऱ्यात या सुरावर दुसरं कुणी ऐकू येत नाही. त्या बुधवारीसुद्धा मी मलाच भेटलो, हे तुझ्या वहिनीचं खरंच आहे.

तर ऐक. येत्या गुरुवारी संध्याकाळी ७:१२ ला चांगला पास आहे, स्टेशन डोक्यावरून जाणार. स्टेशन चारशे किलोमीटरवर, त्याला सातारा आणि तुझं नागपूर एकदमच दिसतात. तुझा तो जुना हँडसेट माळ्यावरून काढ. बॅटरी गेली असेल, नवी घे, कंजूषपणा करू नकोस. फोनमध्ये एपीआरएसड्रॉइड हे पॅकेट वाचणारं अ‍ॅप टाक आणि फोन रेडिओच्या स्पीकरला नुसता धरून ठेव. सुरुवातीला फ्रिक्वेन्सी तीन किलोहर्ट्झ वर सरकलेली असेल, घाबरू नकोस, एफएम तेवढं सोसतं. तुला काही पाठवायचं नाही, फक्त ऐकायचं. मजकूर ६७ अक्षरांत बसवावा लागतो, म्हणून आधी काय लिहायचं ते ठरवतोय. दोन कागद फाडले.

मुक्ताचं बारावीचं काय झालं? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? सुनीताला नमस्कार. बदलीचं सविस्तर लिही, फोनवर तू नुसता हं हं करतोस.

आणि हो, काल रात्री एक चूक सापडली, बुधवारची नव्हे, नंतरची. निरोपात ज्याला पाठवायचं त्याचं नाव नऊ घरांत बसवावं लागतं, कमी पडलं तर मोकळ्या जागा भरून. मी तुझ्या नावाने दोनदा पाठवून पाहिलं होतं, त्या न भरताच. तुझा कॉलसाइन सहाचा. गुरुवारी तीन जागा सोडतो.

तुझा,
सुऱ्या