बंब अडतो तो वळणावर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी १४ ते २० एप्रिलला अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह. त्या आठवड्यात सोसायट्यांच्या आवारात प्रात्यक्षिके होतात. ट्रेमध्ये थोडे डिझेल पेटवायचे, सचिवांनी लाल सिलिंडरची पिन ओढायची, फोटो, चहा. वेळ बहुधा सकाळी अकराची. म्हणजे लोक कामावर गेलेले, गाड्याही गेलेल्या, गल्ली मोकळी. गिरगाव, ठाकूरद्वार, काळबादेवी, फणसवाडी या भागातली हीच गल्ली रात्री साडेअकराला कोणी अधिकारी चालून पाहत नाही, आणि बंब अडतो तो तिथे.

आमचे म्हणणे एवढेच आहे की पोलीस ठाणे, अग्निशमन केंद्र आणि वाडीतले रहिवासी यांनी तीन महिन्यांतून एकदा रात्री अकरानंतर एकत्र फेरी मारावी. यासाठी नवा कायदा नको, निधीही नको.

रस्त्यात गेलेली मिनिटे किती महाग पडतात ते आकड्यांत मांडतो. साधारण ४,५०० लिटर पाणी असलेला बंब आला असे धरा. एका होजमधून, म्हणजे पाणी मारायच्या लांब नळीतून, मिनिटाला अंदाजे ४५० लिटर पाणी जाते. दोन होज चालवल्या की पाच मिनिटांत टाकी रिकामी. पुढचे पाणी दुसऱ्या बंबातून, टँकरमधून किंवा हायड्रंटमधून, म्हणजे आगीसाठी ठेवलेल्या पाण्याच्या जोडणीतून, यायचे. पहिला बंब इमारतीपासून १२० मीटर दूर अडकला तर १५ मीटरच्या आठ होज एकमेकींना जोडाव्या लागतात, आणि त्या वाटेवरच्या मोटारसायकलींच्या चाकांमधून ओढून न्याव्या लागतात. एखाद्या चाकाखाली होज चेपली की पुढे टोकाच्या नोझलला दाब मिळत नाही. जवान वरच्या मजल्यावर ‘पाणी वाढवा’ ओरडतो, खाली पंपावरच्या माणसाला कळत नाही की अडचण मधल्या बुलेट मोटारसायकलीखाली आहे.

या फेरीत अधिकाऱ्याइतकाच, किंबहुना जास्तच, महत्त्वाचा माणूस म्हणजे बंबाचा यंत्रचालक. गाडी कुठे वळेल हे तोच सांगू शकतो. बंबाची रुंदी अडीच मीटरच्या घरात असते, त्यामुळे सरळ गल्लीत तो कसाबसा जातो. अडतो तो वळणावर, कारण मागचा भाग बाहेर फिरतो आणि कोपऱ्यावर लावलेली एक स्कूटरसुद्धा पुरेशी होते. म्हणून सगळी गल्ली ‘नो पार्किंग’ करण्याची मागणी आम्ही करत नाही. ती कोणी पाळणार नाही, गाड्या ठेवायला दुसरी जागाच नाही. प्रत्येक वळणाच्या दोन्ही बाजूंची पाच-सहा मीटर जागा पिवळ्या रंगाने आखा आणि तेवढ्याच जागेवर वाहतूक पोलिसांनी कडकपणा करावा. शिडीची गाडी जिथे उभी राहू शकते अशा जागा आणखी कमी असतात, कारण तिला आधार देणारे जॅक दोन्ही बाजूंना उघडावे लागतात. नवे टॉवर बांधताना ही जागा नकाशात दाखवलेली असते. पुढे तिथे कुंड्या येतात, मग पाहुण्यांचे पार्किंग.

फेरीला ३० मीटरची टेप, रंगाचा डबा आणि चार मीटरचा एक बांबू न्यावा. बांबू उभा धरून चालले की इंटरनेटच्या केबल, दुकानांच्या ताडपत्र्या आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक किती खाली आले आहेत ते कळते. फुटपाथवरचे जुने हायड्रंटही तेव्हाच शोधावेत. बरेचसे पेव्हर ब्लॉकखाली गेलेले असतात. सापडला तर झाकण उघडून पाणी येते का ते पाहावे, मग भिंतीवर बाण रंगवावा. वाडीत विहीर असेल तर तिचीही नोंद हवी. विहिरीवर लोखंडी जाळी वेल्डिंग करून बसवलेली असते, त्यामुळे शोषणाचा पाइप आत जात नाही. जाळीला एक कुलपाचे झाकण ठेवले की काम होते.

आता आडव्या लावलेल्या गाड्यांविषयी. पूर्वी एक अलिखित रीत होती: आडवी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून ठेवायची, म्हणजे दोघांनी ढकलली की बाजूला होते. आजच्या ऑटोमॅटिक गाड्या पार्कमध्ये अडकतात, स्टीअरिंग लॉक होते, ढकलायला गेले की अलार्म वाजतो. टोइंगची गाडी रात्री लगेच मिळेलच असे नाही, आणि मिळाली तरी ती त्याच गल्लीत यायची. तेव्हा आडव्या लागणाऱ्या प्रत्येक गाडीचा क्रमांक, मालकाचा मजला आणि मोबाइल यांची यादी वॉचमनकडे हवी आणि तिची प्रत बीट अंमलदाराकडे. मालक रात्री फोन सायलेंटवर ठेवतो, म्हणून दुसरा नंबर घरातल्या दुसऱ्या माणसाचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ नुसार सार्वजनिक रस्त्यात अडथळा केल्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई नुसार अग्निशमन वाहनाला वाट न देणाऱ्या चालकाला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पण आगीच्या रात्री फाडलेल्या चलनाचा उपयोग नाही. त्याच कोपऱ्यावर महिन्यातून दोन वेळा कारवाई झाली तर आहे.

गल्लीनंतर इमारत. जुन्या चाळीत बहुतेक ठिकाणी मीटरची पेटी लाकडी जिन्याखाली असते आणि तोच एकमेव जिना. त्याच जागी जुनी वर्तमानपत्रे, गणपतीचे सामान, सायकली, आणि हल्ली विजेच्या स्कूटरचे चार्जिंग. लिथियमची बॅटरी पेटली तर पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा बसते आणि थोड्या वेळाने पुन्हा उठते, कारण आत उष्णता चालूच असते. तिला भरपूर पाणी लागते. ही बॅटरी जिन्याखाली चार्ज होता कामा नये, या बाबतीत सवलत नको. गोरेगावच्या जय भवानी इमारतीत ऑक्टोबर २०२३ मध्ये आग खालच्या भागात होती, आणि धूर जिन्याने वर चढला. चाळीचा लाकडी जिना तर स्वतःच जळतो. मीटरच्या खोलीची एक किल्ली काचेच्या पेटीत बाहेर लावा. पाणी मारण्याआधी जवानांना वीज बंद झाल्याची खात्री लागते. बेस्टचा माणूस येईपर्यंत थांबावे लागले तर ती मिनिटेही गेलीच.

टॉवरची दुखणी वेगळी. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचा फॉर्म ‘बी’ द्यावा लागतो. कागद वेळेवर जातो. प्रत्यक्षात पंपाचे पॅनेल ‘ऑटो’वर नसून ‘मॅन्युअल’वर असते, आणि त्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच. राइजरमध्ये, म्हणजे मजल्यांवर पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपमध्ये, कुठेतरी गळती असते, दाब उतरला की तो टिकवणारा छोटा जॉकी पंप दर पाच-दहा मिनिटांनी सुरू होतो, आवाजाची तक्रार येते, वॉचमन बटण फिरवतो. गळती काढणे हा उपाय आहे, बटण फिरवणे नव्हे. दुसरी गोष्ट, पितळी नोझल. ते भंगारात विकले जातात म्हणून चोरीला जातात, किंवा चोरीच्या भीतीने ऑफिसच्या कपाटात कुलपात असतात. दोन्हींचा परिणाम सारखाच. नोझलच्या चोरीची तक्रार पोलिसांनी किरकोळ समजू नये आणि जवळच्या भंगारवाल्यांना ताकीद द्यावी. तिसरी, गेटजवळचे चार तोंडांचे इनलेट. बंब तिथून इमारतीच्या राइजरमध्ये पाणी ढकलतो. त्याच्यासमोर कुंडी किंवा अध्यक्षांची गाडी असते, टोप्या गंजून घट्ट बसलेल्या असतात. फेरीत त्या टोप्या हाताने उघडून पाहा, दोन मिनिटांचे काम आहे. सर्वांत वरच्या मजल्याच्या हायड्रंटला पंप चालू असताना दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोचा दाब दिसतो का, हेही गेज लावून पाहावे. नुसते पाणी आले म्हणजे झाले, हा गैरसमज आहे.

पोलिसांना गल्लीतल्या लोकांबरोबर बसणे नवीन नाही. भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतही त्या आल्या. गणेशोत्सवापूर्वी शांतता समितीची बैठक प्रत्येक पोलीस ठाण्यात होते. तिथे मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिक्षेपक, वर्गणी यावर तासभर चर्चा होते. त्याच टेबलावर अग्निशमन केंद्राच्या अधिकाऱ्याला पंधरा मिनिटे द्यावीत आणि रात्रफेरीत सापडलेल्या त्रुटींची यादी त्याने मंडळांसमोर वाचावी. मंडळांचे कार्यकर्ते गल्लीतली सर्वांत तयार फौज आहे, हे अग्निशमन दलाने अजून पुरते ओळखलेले नाही असे आम्हाला वाटते. दहीहंडीला थर लावणारी मुले होज धरायला दोन तासांत शिकतात. मात्र त्यांना इमारतीत पाठवायचे नाही. त्यांचे काम खाली: गाड्या ढकलणे, होज चेपू न देणे, म्हाताऱ्यांना बाहेर काढल्यावर एका ठरलेल्या जागी बसवून डोकी मोजणे. कोण आत राहिले आहे हे जवानांना नेमके सांगणारा एक माणूस दहा बघ्यांपेक्षा उपयोगी.

कॉलबद्दल दोन शब्द. १०१ किंवा ११२ लावल्यावर लोक ‘लवकर या, आग लागली’ एवढे सांगून फोन ठेवतात. ११२ चा कॉल राज्याच्या केंद्रात घेतला जातो. तिथल्या माणसाला ‘मारुतीच्या देवळासमोरची चाळ’ माहीत असेलच असे नाही. रस्त्याचे नाव, वाडीचे नाव, कोणत्या तोंडाने आत यायचे, कितवा मजला, काय जळते आहे, कोणी अडकले आहे का, एवढे सांगून तिकडून ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन धरावा. मग एकाने वाडीच्या तोंडाशी टॉर्च घेऊन उभे राहावे. गॅसची गळती असेल तर १९०६. खोलीत वास असताना विजेचे बटण चालू करायचे नाही आणि बंदही करायचे नाही, कारण ठिणगी दोन्हींत उडते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून खिडकीबरोबर दारही उघडावे लागते.

घटनास्थळी पोलिसांनी सर्वांत आधी काय करावे, याचेही आधीच ठरवून घ्यावे. ज्या वाडीला दोन तोंडे आहेत तिथे एक बंबांसाठी आणि दुसरे रुग्णवाहिकेसाठी, आणि दोन्हींवर पहिल्या पाच मिनिटांत माणूस. मोबाइल उंचावलेली गर्दी मागे सारण्यासाठी दोरी लागते, ती बीट मार्शलच्या मोटारसायकलवर सहज मावते. गर्दी मागे सारायची ती केवळ अडथळा होतो म्हणून नाही. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासात आग लागली, ती विझवत असताना इमारत कोसळली. अग्निशमन दलाचे सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अधिकारी त्यात गेले. जुनी लाकडी इमारत कोणत्या क्षणी खाली येईल हे बाहेरून कळत नाही, म्हणून दोरी किमान इमारतीच्या उंचीइतक्या अंतरावर असावी. गल्ली तेवढी रुंद नसेल तर समोरची इमारतही रिकामी करावी लागते, आणि ते सांगण्याचे काम पोलिसांचेच.

पहिली रात्रफेरी गणपतीच्या मंडपाचे बांबू उभे राहण्याआधी व्हावी. एकदा मंडप उभा राहिला, परवानगीचा कागद दर्शनी लावला, की यंत्रचालकाने ‘इथून गाडी वळणार नाही’ म्हटले तरी कोणी खांब हलवत नाही. आखणी खडूने होते तेव्हाच दोन फूट मागे सरकणे सोपे असते.

आपले,
गिरगाव-काळबादेवी परिसरातील काही चाळी व गृहनिर्माण संस्थांचे अग्निसुरक्षा स्वयंसेवक