लॅबमधल्या ताईला, ग्लुकोजच्या पिंजऱ्यासाठी मनापासून थँक्यू

ताई, तोंडावर बोलले असते तर तू "चल, काहीतरीच" म्हणून उडवून लावलं असतंस, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. एमएस्सीच्या सेमिनारला मी ब्रिस्टलच्या अँथनी डेव्हिस यांच्या ग्रुपचा 2019चा पेपर घेतला, पाण्यात ग्लुकोज पकडणारा पिंजऱ्यासारखा रेणू, तो बनवायच्या पायऱ्यांची स्कीम पाठ झाली होती पण यात एवढं अवघड काय आहे तेच कळेना, आणि तू स्वतःच्या थीसिसची घाई असताना अख्खी संध्याकाळ माझ्यासाठी बसलीस.

आधी पाण्याचा हिशोब मांडायला लावलास. रक्तात ग्लुकोज साधारण 5 मिलिमोलर, पाणी 55 मोलर (मोलर म्हणजे लिटरमागे रेणू किती याचं माप, मिलिमोलर त्याचा हजारावा भाग), म्हणजे ग्लुकोजच्या एका रेणूमागे पाण्याचे दहा हजारांवर रेणू, त्यात ग्लुकोजच्या अंगावर पाण्यासारखेच ओएचच ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या), मग पिंजऱ्याने पाणी सोडून त्यालाच का धरावं?

मग मॉडेल किट काढलंस, बीटा ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोजचं एक रूप, जोडून आडवं माझ्या हातात दिलंस, म्हणालीस कडेने बोट फिरव. सगळे ओएच बाजूला बाहेर आलेले, वरखाली नुसते हायड्रोजन! तेव्हा कुठे पिंजरा डोळ्यांपुढे आला, वरखाली बेंझिन रिंगचं, म्हणजे सहा कार्बनच्या सपाट कड्यांचं, छत नि जमीन, बाजूला ओएचला हायड्रोजन बाँडने (रेणूंमधल्या हलक्या ओढीने) धरायला सहा युरिया गट. मग चौथ्या कार्बनवरचा एकच ओएच काढून वरच्या बाजूला लावलास, झालं गॅलॅक्टोज, ग्लुकोजसारखीच दुसरी साखर, आणि ते आत नीट बसणारच नाही हे न सांगता दिसलं. मॉडेल हातात दिल्याशिवाय हा विषय कुणाला शिकवूच नये असं माझं ठाम मत झालंय.

माझ्या मावसभावाला टाइप 1 डायबिटीस आहे, रात्री शुगर उतरायच्या भीतीने मावशी नीट झोपत नाही. डेव्हिस यांच्या कामातून निघालेली झायलो कंपनी 2018ला इन्सुलिन बनवणाऱ्या नोवो नॉर्डिस्कने घेतली, आणि 2024ला त्यांनी शुगर कमी झाली की आपोआप मंद होणारं इन्सुलिन उंदीर-डुकरांवर दाखवलं, त्यातही ग्लुकोज ओळखणारा असाच एक बनवलेला रेणू जोडलाय. माणसांसाठी अजून वेळ आहे, पण ते चालतं कसं हे मी मावशीला सांगू शकले, स्वयंपाकघरात बसून, मराठीत, आणि ती दोनदा ऐकून घेत होती. हे फक्त तुझ्यामुळे गं.

सेमिनारला सरांनी विचारलं मॅनोज ही साखर का बसत नाही, मी फळ्यावर दोन नंबरच्या कार्बनवरचा ओएच फिरवून दाखवला, ते नुसते हसले आणि पुढची स्लाइड म्हणाले.

थीसिस सबमिट झाला की जेवण माझ्याकडून, तारीख तू कळव.