बालोद्यानांसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नगरपालिकांच्या अंदाजपत्रकाचे दिवस आले की आपली स्थानिक पाने रस्ते, गटारे, पाणीपुरवठा आणि पथदिव्यांच्या आकड्यांनी भरून जातात. मुलांच्या खेळाच्या जागेसाठी किती तरतूद झाली, हे मी त्यात दर वर्षी शोधते. ती रक्कम उद्याने, वृक्षारोपण, सुशोभीकरण अशा एखाद्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या सदराखाली, कारंजी आणि हिरवळीच्या खर्चात मिसळून गेलेली असते. मुलांच्या वाट्याला किती आले ते कळत नाही, मग बसवलेल्या खेळण्यांच्या देखभालीसाठी किती ठेवले हे कळणे दूरच.

मी धाराशिव जिल्ह्यात विशेष शिक्षिका आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे), स्वमग्नता (ऑटिझम), अंधत्व, कर्णबधिरत्व असलेल्या मुलांना शिकवणे आणि ज्यांना शाळेपर्यंत येता येत नाही त्यांच्या घरी जाणे, हे माझे रोजचे काम. या मुलांच्या आया दवाखाना, फिजिओथेरपी, दिव्यांग प्रमाणपत्र, पेन्शन यांविषयी भरभरून बोलतात. खेळाचा विषय मात्र स्वतःहून काढत नाहीत. खेळ हा आपल्या लेकराचा हक्क आहे, असे त्यांना कुणी कधी सांगितलेच नाही. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता स्वीकारली. तिच्या ३१ व्या कलमात खेळण्याचा हक्क प्रत्येक मुलाला दिलेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्येही करमणूक आणि क्रीडा यांची स्वतंत्र कलमे आहेत.

आमच्या गावातल्या एका बालोद्यानात काय दिसते, ते सांगते. मोटारसायकली आत घुसू नयेत म्हणून दारात लोखंडी पाइपांचे नागमोडी वळण केले आहे. हेतू चांगला, पण त्यातून व्हीलचेअर जात नाही. बाप मुलाला कडेवर उचलून आत नेतो आणि खुर्ची रस्त्याकडेला ठेवून येतो. आत सगळीकडे पेव्हर ब्लॉक, अगदी घसरगुंडीच्या पायथ्याशी आणि पाळण्यांखालीही. पाच फुटांवरून पडणारे मूल अशा फरशीवर डोक्यावर आपटले तर काय होईल, हे कंत्राटदाराला कुणी विचारले नसावे. तिथे फूटभर जाडीची वाळू किंवा रबरी थर हवा. स्टीलची घसरगुंडी मावळतीकडे तोंड करून बसवली आहे. आमच्याकडच्या एप्रिलमध्ये संध्याकाळी साडेपाचलाही तिच्यावर हात टेकवत नाही. एका पाळण्याचे कडे झिजून तुटले, तेव्हा त्याची साखळी आडव्या दांडीला गुंडाळून टाकली. त्याला वर्ष होऊन गेले, ती अजून तशीच आहे. कडे आणि बेअरिंग मिळून काहीशे रुपयांचे काम, पण अर्ज दिल्यावर ‘तरतूद नाही’ असे उत्तर मिळाले.

पैसाच नाही, हे मला मान्य नाही. आमदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी मिळतात, खासदारांनाही ५ कोटी. निळ्या-पिवळ्या रंगांची ‘ओपन जिम’ गल्लोगल्ली उभी राहिली, ती अशाच निधींतून. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. पण या सगळ्या पैशांचा ओढा नवे काहीतरी उभारण्याकडे असतो. पुढची देखभाल ज्या संस्थेच्या ताब्यात वस्तू दिली तिच्या माथी येते, आणि त्या संस्थेच्या अंदाजपत्रकात त्यासाठी जागाच नसते. म्हणून एका वर्षी फीत कापलेले बालोद्यान तिसऱ्या-चौथ्या वर्षी भंगार होते, आणि मग पुन्हा नव्या खेळण्यांची निविदा निघते. खेळण्यांच्या खरेदीवर जेवढा खर्च होतो, त्याच्या ठरावीक टक्के रक्कम दर वर्षी फक्त तपासणी आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवली आणि ती दुसरीकडे वळवण्यास मनाई केली, तर आहे त्याच पैशात कितीतरी जास्त वर्षे खेळता येईल.

दिव्यांगांसाठी स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम खर्च करावी, असा शासनाचा आदेश आहे. बालोद्यानाचा विषय काढला की बोट लगेच त्या ५ टक्क्यांकडे जाते. याला माझा विरोध आहे. त्या पैशावर अनेक घरांचा औषधाचा आणि सहायक साधनांचा खर्च अवलंबून आहे. मैदान आणि बाग सगळ्या मुलांची, तर तिचा खर्चही सर्वसाधारण निधीतूनच व्हायला हवा. पाठीला आधार आणि पट्टा असलेला पाळणा, दोन-तीन मुलांना एकत्र आडवे होता येईल असा टोपलीसारखा झोका, जमिनीच्या पातळीत बसवलेले आणि खुर्चीसकट चढता येणारे फिरते चक्र, एकास बारा उताराचा (एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा) रॅम्प, हे सगळे पहिल्या आराखड्यातच धरले तर फार महाग पडत नाही. नंतर तोडफोड करून बसवायला गेले की महाग पडते. स्वमग्न मुलांच्या आया तर माझ्याकडे सगळ्यांत आधी कुंपण मागतात. पूर्ण कुंपण आणि जायला-यायला एकच दार असले, तर मूल अचानक धावत सुटून रस्त्यावर जाईल ही धास्ती राहत नाही आणि आईला दहा मिनिटे बाकावर टेकता येते.

नागपुरात पारडी भागात सुमारे १२ कोटी रुपयांचे, ९० हजार चौरस फुटांचे ‘अनुभूती’ समावेशक उद्यान २०२३ मध्ये जाहीर झाले. स्पर्श आणि गंधाची बाग, जलोपचाराची सोय अशी त्याची कल्पना आहे. अशा उद्यानांचे मी मनापासून स्वागत करते. पण मुलाला रोज संध्याकाळी खेळायला लागते, आणि ते घरापासून चालत जाता येईल एवढ्याच अंतरावर. रिक्षा करून महिन्यातून एकदा नेले, तर ती सहल झाली. शिवाय वेगळ्या बागेत दिव्यांग मुले दिव्यांग मुलांशीच खेळतील. माझ्याकडचा नऊ वर्षांचा एक मुलगा कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) लावून चालतो. गल्लीतली पोरे त्याला खेळायला घेतात, पण कायम अंपायर किंवा कच्चे लिंबू म्हणून. गल्लीतल्याच बागेत त्यालाही चढता येईल असे काही असते, तर त्याच पोरांनी त्याच्याबरोबर नंबर लावला असता.

जागेचाही प्रश्न आहेच. नव्या मोठ्या ले-आउटमध्ये, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडताना, १० टक्के जागा खुली सोडावी लागते. कागदावर तिचे नाव ‘ओपन स्पेस’ असते. प्रत्यक्षात तिथे वाळूचे ढीग, लग्नाचे मांडव आणि लावलेल्या गाड्या दिसतात. विकास आराखड्यात मैदानासाठी आरक्षित झालेली खासगी जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालकाला नोटीस देता येते आणि पुढच्या दोन वर्षांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षणच उठते. आपल्या प्रभागातली किती आरक्षणे या वाटेवर आहेत, हे नगरसेवकांनी सभागृहात विचारायला हवे. मैदान एकदा गेले की परत मिळत नाही.

माझी नगरपरिषदांकडे मागणी एवढीच आहे की, ‘बालक्रीडांगणे’ या नावाचे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, त्यात उभारणी आणि देखभाल यांच्या रकमा वेगवेगळ्या दाखवाव्यात आणि कोणत्याही नव्या बागेचे देयक काढण्यापूर्वी एखाद्या व्हीलचेअरवरच्या मुलाला व त्याच्या पालकांना तिथे बोलावून जागा तपासून घ्यावी. आपल्यालाही एक विनंती आहे. अंदाजपत्रक मांडले जाईल तेव्हा आपल्या वार्ताहरांनी जिल्ह्यातल्या प्रत्येक मुख्याधिकाऱ्यांना विचारावे, की खेळण्यांच्या दुरुस्तीसाठी यंदा किती रुपये ठेवले आणि गावातल्या किती बागांत व्हीलचेअर दारातून आत जाते. मिळालेली उत्तरे गावांच्या नावांसह छापावीत.

आपली,
एक विशेष शिक्षिका, जि. धाराशिव