नागपूरजवळच्या वाडीतल्या त्या मिस्त्रींचे आणि टोचनवाल्या दादांचे आभार

नुकताच घेतलेला सेकंडहँड ट्रक भर मे महिन्यात अमरावती रोडवर पांढरा धूर सोडत बंद पडला. रेडिएटरमध्ये बुडबुडे, ऑइल दुधाळ, गाडीत कळमना मार्केटचा कांदा. ओळख ना पाळख, तरी एका ड्रायव्हरदादांनी टोचन बांधून ट्रक वाडीपर्यंत आणला आणि पैशांचं नाव काढताच गिअर टाकून निघूनही गेले.

दोन हेडचं, म्हणजे सिलिंडरांवर दोन वेगळी झाकणं असलेलं इंजिन. ‘दोन्ही नवीन टाका’ म्हणून मोकळं होणं मिस्त्रींना सोपं होतं. त्यांनी मात्र हेडवर सरळ पट्टी ठेवली, खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवून बाक दाखवला. मग पाण्याच्या वाटा बंद करून हवेचा दाब दिला आणि हेड गरम पाण्यात बुडवलं. एका हेडच्या दोन व्हॉल्व सीटांच्या (व्हॉल्व टेकतात त्या कड्यांच्या) मधल्या भेगेतून बारीक बुडबुड्यांची रेघ निघाली. “भाऊ, हे गेलं. वेल्डिंगमध्ये पैसे घालू नका.” दुसऱ्याला फक्त फेसिंग, म्हणजे खालची बाजू घासून सपाट करणं, तेही लागेल तेवढंच. बदली म्हणून आणलेलं जुनं हेडही त्यांनी आधी पाण्यात बुडवून पाहिलं, हे मला सगळ्यात आवडलं.

हेड बसवताना बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्यानं, किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्यानंच आवळले. आणि रेडिएटर गाळानं जाम झालाय, हे तिथल्या पोरानं हेरलं. नाहीतर इंजिन तापून हेडखालचं नवं पॅकिंगही पुन्हा उडालंच असतं!

मिस्त्री, तुम्ही आणि ते पोरगं, दोघांचेही मनापासून आभार. टोचनवाले दादा, कळमन्याकडे आलात तर चहा तरी घ्याच.